पाहणाऱ्याचा पत्ता

वन्य प्राणी दिसल्याची कोणतीही नोंद ही खरे तर दोघांची नोंद असते. जो दिसला त्याची आणि ज्याने पाहिले त्याचीही. पहिल्याची काळजी वाहण्यासाठी १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, त्याची परिशिष्टे आहेत, वनखाते आहे. निरीक्षकांच्या नोंदी साठवणाऱ्या मोठ्या संकेतस्थळांनीही दुर्मीळ जातींचे ठावठिकाणे झाकण्याचे नियम केले आहेत. दुसऱ्याचे काय, हा प्रश्न मात्र आपल्याकडे फारसा विचारला जात नाही. आंतरजालावर बिबट्याचे छायाचित्र पाहताना ते कुणाच्या अंगणातून घेतले आहे, किती वाजता घेतले आहे आणि ते घेणारा माणूस उद्या त्याच वेळी त्याच जागी असणार आहे का, हे आपल्या मनात येत नाही. ते यावे, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

हा प्रश्न आम्ही न्हावऱ्याच्या संदर्भात मांडत आहोत, त्याला कारण आहे. घोडगंगा सहकारी साखर कारखान्याचे गाव म्हणून ओळखले जाणारे न्हावरे शिरूरहून चौफुल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. पुढे भीमा ओलांडली की दौंड तालुका. हा सारा टापू मुळात पर्जन्यछायेतला. धरणे झाली, कालवे आले, कालव्यांमागून ऊस आला आणि उसामागून बिबट्या आला. वर्षभर उभे राहणारे दाट पीक, पाटाचे पाणी, वस्त्यांवरची कुत्री आणि शेळ्या. बिबट्याला याहून अधिक काही लागत नाही. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले परिसरात केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. राखीव जंगल नसलेल्या त्या शेतीच्या मुलखात दर शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे असल्याचे त्यातून दिसले. शिरूर तालुका वनखात्याच्या हिशेबात जुन्नर विभागात मोडतो, आणि जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर ही चार नावे आता बिबट्याच्या बातमीशिवाय क्वचितच एकत्र उच्चारली जातात. दक्षिणेला दौंड, बारामती, इंदापूरकडे माळ सुरू होतात. तिथे लांडगा आहे, चिंकारा आहे, सुप्याजवळ १९९७ मध्ये घोषित झालेले मयूरेश्वर अभयारण्य आहे. तेही जेमतेम पाच चौरस किलोमीटरचे. म्हणजे या मुलखातला वन्य प्राणी बहुतांशी अभयारण्याबाहेर, माणसाच्या शेतात आणि माळावर राहतो.

याचा एक परिणाम असा, की इथे प्राण्याचा पत्ता आणि माणसाचा पत्ता एकच असतो. ताडोब्यात वाघ दिसल्याची नोंद फार तर एका पाणवठ्याचे नाव सांगेल. न्हावऱ्याच्या शिवारात बिबट्या दिसल्याची नोंद एका वस्तीचे नाव सांगते. इथली निम्मी माणसे गावठाणात राहत नाहीत, आपापल्या शेतात घर बांधून राहतात, आणि त्या वस्त्यांना बहुधा आडनावांवरूनच ओळखले जाते. ‘अमुक वस्तीवर बिबट्या’ असे लिहिले, की ते घर, ते कुटुंब, त्यांची शेळी आणि त्यांची भीती सगळ्या जगासमोर ठेवली जाते. कुणी गट क्रमांक लिहिला तर बोलायलाच नको. महाराष्ट्रात सातबारा उतारा भूलेखाच्या सरकारी संकेतस्थळावर पाहता येतो, आणि गट क्रमांकावरून जमीनमालकाचे नाव कळते. सातबारा खुला असणे योग्यच आहे, बिबट्याची नोंद खुली असणेही एका अर्थी योग्य आहे. पण दोन खुल्या गोष्टी एकमेकींशेजारी ठेवल्या की त्यातून तिसरी, कुणीही खुली न केलेली गोष्ट निघते. खासगीपणावरचे आजचे बहुतेक आघात हे अशा बेरजेतूनच होतात.

वेळेचेही तसेच. शेतीपंपाला वीज पाळीने मिळते; काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीच्या पाळीत दारे धरायला गेलेल्या माणसाला बिबट्या दिसतो. दिवसा वीज द्या ही इथल्या शेतकऱ्यांची मागणी आहे, आणि बिबट्या हे तिचे एक मुख्य कारण. आता या माणसाने रात्री दोन वाजता काढलेले चित्र वेळेसह जालावर गेले, तर बिबट्या कुठे होता हे जसे कळते, तसेच त्या रात्री घरी कोण नव्हते हेही कळते. बिबट्याने अंगणातले कुत्रे उचलल्याच्या ज्या चित्रफिती आपण रोज पाहतो, त्या घराच्या दारावरच्या कॅमेऱ्यातून आलेल्या असतात. त्यांत दाराची कडी कुठे आहे, गाडी कुठे उभी असते, अंधारा कोपरा कोणता, हे सगळे दिसते. बघ्यांना ते खटकत नाही, कारण त्यांचे लक्ष बिबट्याकडे असते.

यावर एक आक्षेप लगेच येईल, आणि तो गंभीर आहे. शिरूर तालुक्याच्या उत्तर भागात, पिंपरखेड–जांबूत परिसरात, ऑक्टोबर–नोव्हेंबर २०२५ मध्ये सुमारे तीन आठवड्यांत बिबट्याच्या हल्ल्यांत तीन जीव गेले. त्यांत दोन मुले होती. संतापलेल्या लोकांनी पुणे–नाशिक महामार्ग रोखून धरला, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात वनखात्याने बोलावलेल्या नेमबाजांनी एक बिबट्या गोळी घालून मारला. अशा मुलखात खासगीपणाच्या गोष्टी सांगणे हा शहरी चोचला नव्हे काय? बिबट्या शेजारच्या उसात आहे हे कळणे हा जीवनमरणाचा प्रश्न असताना ठिकाण झाकून ठेवा म्हणणारे तुम्ही कोण?

आक्षेप मान्य करूनच पुढे गेले पाहिजे. इशारा हा इशाराच असला पाहिजे. त्यात ठिकाण असले पाहिजे, नेमके असले पाहिजे आणि ते तत्काळ पोचले पाहिजे. प्रश्न एवढाच की कुणाकडे. ज्या चार वस्त्यांतली मुले उद्या सकाळी त्याच पाणंदीने शाळेत जाणार आहेत, त्यांना ते कळले पाहिजे. वनरक्षकाला, पोलीस पाटलाला कळले पाहिजे. वनखात्याचा १९२६ हा मदतक्रमांक त्याचसाठी आहे. पण पुण्यात, मुंबईत किंवा न्यू जर्सीत बसून ती चित्रफीत पाहणाऱ्या हजारोंना त्या पाणंदीचे नाव कळून कुणाचा जीव वाचतो? इशारा आणि प्रदर्शन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्या हातातल्या भ्रमणध्वनीने त्या एकाच बटणाखाली आणून ठेवल्या आहेत. तेच चित्र, तेच ठिकाण, तीच घाईची ओळ गावाच्या गटातून तालुक्याच्या गटात, तिथून वृत्तवाहिनीकडे आणि तिथून जगाकडे जाते. तोवर इशाऱ्याचे काम संपलेले असते आणि फक्त तमाशा उरतो.

तमाशाचा पहिला बळी पुष्कळदा इशाराच ठरतो. नोव्हेंबर २०२५ मध्येच पुणे शहरात बिबट्या दिसल्याच्या बातमीमागोमाग कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली बिबट्यांची चित्रे फिरू लागली, आणि वनखात्याला ती खोटी असल्याचे सांगत बसावे लागले. खऱ्या बिबट्याच्या मागे धावायचे ते मनुष्यबळ अशा वेळी खोट्या बिबट्याच्या मागे खर्ची पडते. दुसरी गोष्ट गर्दीची. ऊसतोडीच्या हंगामात फडात बिबट्याचे बछडे सापडतात, हे आता या भागात नित्याचे झाले आहे. वनखाते आणि जुन्नरजवळच्या माणिकडोह येथील बिबट निवारा केंद्रातली मंडळी ते बछडे शक्यतो त्याच जागी ठेवून आईची वाट पाहतात. रात्री आई येते आणि त्यांना घेऊन जाते, पण त्यासाठी तिथे शांतता लागते. ठिकाण जालावर गेले, की संध्याकाळपर्यंत बांधावर शेकडो माणसे उभी राहतात. मग आई येत नाही, आणि पिल्लांसाठी पिसाळलेली मादी जवळच्या उसात फिरत राहते. ज्या शेतकऱ्याचा तो फड असतो त्याचे पीक तुडवले जाते, आणि त्या रात्री त्या मादीच्या सान्निध्यात झोपायचेही त्यालाच असते.

या चित्रात आणखी काही माणसे असतात, ज्यांना आपण माणसे म्हणून मोजतच नाही. कोयता हातात घेऊन फडात सर्वांत आधी शिरतो तो ऊसतोड मजूर. बीडकडून, नगरच्या पूर्व भागातून आलेला. बछडे बहुधा त्यालाच सापडतात. चित्र मात्र भ्रमणध्वनी असणाऱ्या दुसऱ्याच कुणाच्या नावावर जाते, आणि त्या चित्रात मजुराची बायको, त्याची शाळा सुटलेली पोर आणि त्यांची कोपी असते. माळावरच्या लांडग्याचे छायाचित्र घ्यायला आलेला छायाचित्रकार जाता जाता धनगराच्या वाड्याचे चित्र घेतो. मेंढरे, घोडी, चुलीपाशी बसलेली बाई. चित्र सुंदर येते. वाडा कुठे उतरला आहे, त्यात किती जितराब आहे आणि सोबत पुरुष माणूस किती, हेही त्यासोबत जाते. या लोकांची संमती विचारण्याचा प्रघात आपल्याकडे नाही. लांडग्याची विचारता येत नाही, म्हणून बहुधा धनगराचीही विचारली जात नसावी.

हे अतिशयोक्त वाटत असेल त्यांनी कॉर्बेटचे उदाहरण पाहावे. केंब्रिज विद्यापीठाचे संशोधक त्रिशांत सिमलाई यांनी तिथल्या गावांतल्या स्त्रियांशी बोलून केलेला अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. वन्य प्राण्यांसाठी लावलेल्या कॅमेऱ्यात जंगलात शौचाला गेलेल्या एका स्त्रीचे चित्र आले आणि ते स्थानिक समाजमाध्यमांवर फिरवले गेले. गावकऱ्यांनी चिडून जवळपासचे कॅमेरे फोडले. त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. सरपणाला जाणाऱ्या स्त्रिया एरवी मोठ्याने बोलत, गाणी म्हणत जात. त्या आवाजाने प्राणी दूर राहतात. आपल्याला कुणी पाहत, ऐकत असेल या धास्तीने त्यांचे आवाज खाली आले. म्हणजे खासगीपणा गेला तेव्हा अब्रूबरोबर सुरक्षितताही गेली. ज्या तळांवर शौचालये नसतात तिथून अंधारात बाहेर पडणाऱ्या ऊसतोड बायकांचा विचार केला, तर कॉर्बेट आपल्यापासून फार दूर नाही.

आता स्वखुशीने नोंद करणाऱ्याकडे, म्हणजे हौशी निरीक्षकाकडे वळू. गेल्या दशकात मराठी मुलखात ही जमात मोठ्या संख्येने वाढली आहे आणि ही आनंदाचीच गोष्ट आहे. शाळामास्तर, बँकेतले कारकून, कृषी महाविद्यालयातली मुले ‘ई-बर्ड’वर पक्ष्यांच्या याद्या करतात, ‘आय-नॅचरलिस्ट’वर फुलपाखरे आणि कोळी ओळखतात. या संकेतस्थळांनी प्राण्यांच्या बाबतीत पुष्कळ विचार केला आहे. ‘आय-नॅचरलिस्ट’ जागतिक पातळीवर धोक्यात असलेल्या जातींची नेमकी जागा आपोआप झाकते, अक्षांश-रेखांशाच्या ०.२ अंशाच्या चौकटीत कुठेतरी एक ठिपका टाकते, म्हणजे उत्तर-दक्षिण सुमारे बावीस किलोमीटरची मोघम जागा दाखवते. एवढेच नव्हे, तर अशा नोंदीची तारीखही इतरांना पूर्ण दाखवत नाही, फक्त महिना दाखवते. कारण उघड आहे: त्याच दिवशी त्याच माणसाने जवळच टिपलेले फुलपाखरू उघडे असेल, तर झाकलेला बिबट्या त्याच्या शेजारीच सापडतो. ‘ई-बर्ड’ही संवेदनशील पक्ष्यांच्या नोंदी अशाच मोठ्या चौकटींत विरघळवते.

परंतु साध्या चिमणीची, साळुंकीची, अंगणातल्या मुंगीची नोंद उघडीच राहते. ती उघडी राहण्यात मुंगीचे काहीच बिघडत नाही. बिघडते ते नोंद करणाऱ्याचे. समजा, न्हावऱ्याजवळच्या एखाद्या तळ्यावर एक शिक्षिका रोज सकाळी सव्वासहाला एकटी पक्षी पाहायला जाते. तिच्या प्रत्येक यादीत तिचे नाव, जागा, सुरुवातीची वेळ, किती मिनिटे थांबली आणि किती चालली हे सगळे असते. शास्त्राला हे सारे हवे असते, कारण त्याशिवाय पक्ष्यांची संख्या मोजता येत नाही. पण त्याच चार रकान्यांतून कुणालाही तिची रोजची वाट काढता येते. महिनाभराच्या नोंदी नकाशावर मांडल्या, तर ठिपक्यांची जिथे गर्दी होते तिथे तिचे घर असते. सुदैवाने उपाय आहेत. ‘ई-बर्ड’वर नाव न दाखवण्याची सोय आहे, ‘आय-नॅचरलिस्ट’वर टोपणनाव चालते आणि कोणतीही नोंद आपण होऊन झाकता येते. घराभोवतीच्या नोंदी झाकाव्यात, रोजच्या वाटेची यादी काही दिवस उशिरा टाकावी. छायाचित्राच्या पोटात दडलेले अक्षांश-रेखांश ते पाठवण्याआधी काढून टाकावेत. व्हॉट्सॅपवर चित्र म्हणून पाठवले तर ते गळून पडतात, पण फाइल म्हणून पाठवले तर जसेच्या तसे जातात, हे अजूनही अनेकांना ठाऊक नसते.

कायदा यात किती उपयोगी पडेल? २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमुखाने सांगितले. २०२३ मध्ये वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. पण एखाद्या व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी वापरलेली माहिती या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे, आणि माणसाने स्वतःच जगजाहीर केलेली माहितीही बाहेर आहे. उत्साही छायाचित्रकार बहुधा पहिल्या फटीतून सुटेल. उत्साही शिक्षिका दुसऱ्या फटीत सापडेल. तेव्हा इथे जे काही राखायचे ते कायद्यापेक्षा रिवाजाने राखावे लागेल.

तरीही झाकण्याचा अतिरेक करू नये, कारण ठिकाणावाचून निसर्गविज्ञान उभे राहत नाही. त्याचा सर्वांत बोलका दाखला आपल्या महाराष्ट्रातलाच आहे. रानपिंगळा हा घुबडाच्या कुळातला पक्षी १८८४ नंतर शास्त्रज्ञांना खात्रीने आढळला नव्हता. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश अधिकाऱ्याने मात्र १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीजवळ आपण एक मिळवल्याचे लिहून ठेवले होते. पॅमेला रासमुसेन यांनी दाखवून दिले की ते कातडे त्याने संग्रहालयातून चोरलेले होते. मूळचे ते जेम्स डेव्हिडसन यांनी १८८० च्या दशकात खानदेशात मिळवलेल्या पक्ष्यांपैकी एक होते, आणि त्यावर त्याने खोटे ठिकाण चिकटवले होते. ते खोटे ठिकाण बाजूला सारून शोध घेतला तेव्हा नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा पुन्हा सापडला. एका खोट्या ठिकाणाने एका पक्ष्याचा शोध कित्येक वर्षे चुकवला. म्हणून झाकणे वेगळे आणि खोटे सांगणे वेगळे, हा भेद कटाक्षाने पाळला पाहिजे. ‘शिरूर तालुका’ एवढेच लिहिणे प्रामाणिक आहे. बिबट्या न्हावऱ्यात दिसला असताना दौंडमध्ये दिसला असे लिहिणे अप्रामाणिक आहे. नेमकी जागा संशोधकाला मिळावी, वनखात्याला मिळावी, पण मागितल्यावर आणि कारण सांगितल्यावर मिळावी.

झाकलेलेही कायम झाकलेले राहतेच असे नाही, हेही लक्षात असावे. २०१३ मध्ये पन्नाच्या एका वाघाच्या गळपट्ट्याची माहिती ज्यांच्या ई-पत्रपेटीत येत असे, त्या डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेतील शास्त्रज्ञाच्या पेटीत शिरण्याचा प्रयत्न झाला. तो प्रयत्न झाला होता पुण्यातून. जे कुलूप शास्त्रज्ञाच्या पेटीला पुरे पडेल याची शाश्वती नाही, ते आपल्या खात्याला पुरेल असे धरून चालणे भाबडेपणाचे आहे. जे लिहिलेच नाही ते कुणी चोरू शकत नाही.

‘गावात सगळ्यांना सगळ्यांचे ठाऊकच असते’ असे म्हणून पुष्कळजण हा विषय निकालात काढतात. ते खरे आहे, पण अपुरे आहे. गावात जो आपल्याला पाहतो त्याला आपणही पाहत असतो. त्याचे घर आपल्याला ठाऊक असते, त्याला जाब विचारता येतो, आणि म्हणून तो काही मर्यादा पाळतो. जालावरचा पाहणारा आपल्याला दिसत नाही. हा एकतर्फीपणा नवा आहे, आणि गावकीच्या जुन्या अनुभवातून त्याला तोंड देण्याची रीत आपोआप सापडणार नाही. ती ठरवून घालून घ्यावी लागेल.

आमच्या मते तिची सुरुवात अगदी लहान गोष्टींपासून व्हावी. इशारा पूर्ण द्यावा, पण ज्यांना त्याची गरज आहे त्यांनाच द्यावा, आणि काम झाले की गटातून काढून टाकावा. जगाला दाखवायचे ते काही आठवड्यांनी, तालुक्याच्या नावाने दाखवावे. माणसाचा चेहरा, वस्तीचे नाव, गट क्रमांक त्या माणसाला विचारल्याखेरीज देऊ नये. आणि ज्या घरातले मूल बिबट्याने नेले, त्या घराच्या आक्रोशाची चित्रफीत कुणी विचारूनही मागू नये. पाहण्याचे श्रेय ज्याने पाहिले त्याला द्यावे, मग तो नाव नको म्हणाला तर ‘एका ऊसतोड कामगाराने पाहिले’ असे लिहावे. येत्या गळीत हंगामात न्हावऱ्याच्या आसपास कुठल्यातरी फडात पुन्हा बछडे निघतील. कोयता थांबेल आणि चारजणांचे हात खिशाकडे जातील. त्यांतल्या एकाने तरी आधी १९२६ फिरवावा आणि उरलेल्यांनी फडाच्या मालकाला, आणि त्या मजुरालाही, विचारावे की चित्र काढले तर चालेल ना.